सोनोग्राफीतले ग्रॅम आणि आण्णांची लघवी

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील, म्हणजे आण्णा, ६८ वर्षांचे. तासगाव भागात द्राक्षबाग, अजून रोज बागेत जातात. सहा वर्षांपूर्वी मुतखड्याच्या शंकेनं सोनोग्राफी केली तेव्हा लघवीच्या वाटेवरची प्रोस्टेट ग्रंथी ३४ ग्रॅम होती, आता ४८ आलीय. धार बारीक झालीय, रात्री दोनदा उठतात, बाकी काही म्हणत नाहीत. गावातल्या एका गृहस्थांचं २८ ग्रॅमलाच ऑपरेशन झालं आणि आण्णांना ४८ असून डॉक्टरांनी नुसती गोळी दिली. ही ग्रंथी वाढते का, किती वाढणार, पुढं कॅन्सर होईल का, आणि आत्ताच काढून टाकलेली बरी का?

आधी ३४ आणि ४८ चा हिशेब मिटवू, कारण घरातली सगळी घबराट त्या दोन आकड्यांतून आलेली दिसते. सोनोग्राफीत प्रोस्टेट तराजूत घालत नाहीत. डॉक्टर पडद्यावर लांबी, रुंदी आणि जाडी मोजतात, मशीन त्या तिन्हींचा गुणाकार करून ०.५२ नं गुणतं, आणि जे घन सेंटिमीटर येतात त्यांनाच आपण ग्रॅम म्हणतो. समजा मापं आली ४.४, ३.८ आणि ३.९ सेंटिमीटर. उत्तर ३४. आता प्रत्येक माप फक्त ३ मिलिमीटरनं जास्त धरा. उत्तर येतं ४२. पोटावरून बघताना कर्सर कडेच्या अलीकडं टेकवला की पलीकडं, एवढाच तो ३ मिलिमीटरचा फरक. त्यात सहा वर्षांपूर्वीचं मशीन वेगळं, बघणारा वेगळा, त्या दिवशी लघवीची पिशवी भरलेली किती तेही वेगळं. म्हणजे वाढलेल्या १४ ग्रॅमपैकी निम्मे आण्णांचे नसून कर्सरचे असू शकतात.

वाढ झालीच नाही असं मी म्हणत नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या ओल्मस्टेड काउंटीत गावातल्या साध्या पुरुषांची प्रोस्टेट वर्षानुवर्षं मोजत गेले, तेव्हा सरासरी वाढ वर्षाला १.६ टक्के निघाली. या वेगानं ३४ चे सहा वर्षांत ३७-३८ होतात. कुणाची झपाट्यानं वाढते, कुणाची वर्षानुवर्षं तिथंच राहते. ज्यांची मुळात मोठी, त्यांची वाढही जरा जोरात असते.

आता का वाढते ते. लहान मुलात ही ग्रंथी वाटाण्याएवढी असते. मिसरूड फुटायच्या वयात भराभर वाढून विशीपर्यंत अक्रोडाएवढी, साधारण २० ग्रॅमची होते आणि तिथं वीसेक वर्षं गप्प बसते. वीर्य पातळ ठेवणारा रस बनवणं हे तिचं काम. बसते कुठं, तर लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी, आणि लघवीची नळी तिच्या पोटातून आरपार जाते. सगळी भानगड या जागेमुळं. हीच ग्रंथी दोन इंच बाजूला असती तर माझी अर्धी ओपीडी रिकामी पडली असती.

चाळिशीनंतर तिची दुसरी वाढ सुरू होते, आणि ती सगळीकडून सारखी होत नाही. नळीला चिकटून आतल्या बाजूला एक छोटा भाग असतो, तरुणपणी तो सगळ्या ग्रंथीच्या जेमतेम पाच ते दहा टक्के. म्हातारपणची वाढ तिथंच होते. बारीक गाठी धरतात, त्या फुगतात, एकमेकींना दाबतात आणि मूळच्या ग्रंथीला बाहेर ढकलून तिची साल करून टाकतात. आटपाडीचं डाळिंब डोळ्यांसमोर आणा: आत दाणे भरत जातात आणि साल ताणून पातळ होते. शवविच्छेदनात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर पन्नाशीतल्या सुमारे निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीच्या पुढच्या जवळजवळ ९० टक्के पुरुषांत या गाठी सापडतात. केस पिकावेत तशी ही गोष्ट. त्यातल्या बऱ्याच जणांना जन्मात कधी लघवीची तक्रार झालेली नसते.

मागं हात आहे तो पुरुषी संप्रेरकाचा. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन प्रोस्टेटमध्ये शिरलं की तिथलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन करतं. हा मूळच्यापेक्षा कितीतरी तिखट माल. हे कळलं त्याची हकिगत मला फार आवडते. डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या काही खेड्यांत जन्मतः मुलगी समजली जाणारी पोरं वयात आल्यावर मुलगे व्हायची. १९७४ साली त्यांच्यावरचं संशोधन छापून आलं. त्यांच्यात हे विकरच नीट तयार होत नव्हतं. मोठेपणी आवाज फुटला, अंगाला पीळ आला, पण प्रोस्टेट इवलीशीच राहिली. त्या धाग्यावरून औषध कंपनीनं ते विकर अडवणारी गोळी बनवली, फिनास्टेराइड, आणि १९९२ मध्ये ती अमेरिकेत मंजूर झाली. चीनच्या राजवाड्यात लहानपणीच खच्ची केलेल्या नोकरांचीही म्हातारपणी तपासणी झाली होती, त्यातल्या बहुतेकांची प्रोस्टेट बोटाला लागतच नव्हती. थोडक्यात, वृषण शाबूत असणं आणि वय होणं, या दोनच गोष्टी लागतात. वयाबरोबर रक्तातलं टेस्टोस्टेरॉन उतरतं तरी ग्रंथीच्या आतला तिखट माल फारसा कमी होत नाही, आणि तिथल्या जुन्या पेशी मरायच्या वेळी मरत नाहीत. नवी भरती चालू आणि निवृत्ती बंद, मग खातं फुगणारच.

मोटरसायकल जास्त चालवली म्हणून, तरुणपणी संयम पाळला नाही म्हणून किंवा फार पाळला म्हणून, बोअरचं पाणी प्यायलो म्हणून, ही सगळी कारणं रोज ऐकतो. यातल्या एकाचाही संबंध नाही. पोटाचा घेर आणि साखर यांचा मात्र थोडा आहे: जाड, मधुमेही माणसांत ग्रंथी मोठी असण्याचं प्रमाण जास्त दिसतं. वडिलांचं किंवा भावाचं साठीच्या आत ऑपरेशन झालं असेल तर तेही सांगत चला.

आता २८ विरुद्ध ४८. तुमच्या प्रश्नात खरा गुंता इथंच आहे. बागायतदाराच्या घरात हे समजावायला अवघड नाही. पाटाच्या मोरीत डोक्याएवढा एक धोंडा अडकला की पाणी तुंबतं. बांधावर ट्रॉलीभर दगड ओतले तरी पाटाला फरक पडत नाही. प्रोस्टेट बाहेरच्या अंगाला वाढली तर ६० ग्रॅमची माणसं आरामात फिरतात. तिचा मधला भाग पिशवीच्या तोंडात जिभेसारखा वर आला तर २८ ग्रॅमचीही झडप लागते, जोर करावा तितकी घट्ट. शिवाय ग्रंथीत आणि पिशवीच्या तोंडाशी स्नायू असतात, ते आवळून धरले की गाठ लहान असूनही वाट अरुंद. म्हणून त्या गृहस्थांच्या डॉक्टरांनी घाई केली किंवा आण्णांच्या डॉक्टरांनी हयगय केली, यातलं काहीही नुसत्या ग्रॅमवरून ठरत नाही.

मी ग्रॅम वाचायच्या आधी रिपोर्टमध्ये दुसऱ्या तीन ओळी शोधतो: लघवी करून झाल्यावर पिशवीत किती शिल्लक राहिली, पिशवीची भिंत जाड झालीय का, आणि दोन्ही किडन्या फुगल्यात का. त्रास सोसणारी ग्रंथी नव्हे, पिशवी आहे. अर्ध्या बंद व्हॉल्व्हवर मोटर चालवल्यासारखं तिचं होतं. आधी जोर लावून लावून भिंत जाड होते, मग ती चिडते, म्हणून घाईची लघवी, वारंवार लघवी. त्यानंतरही दाब हटला नाही तर ती थकून ढिली पडते, आणि गंमत म्हणजे त्या वेळी माणसाच्या तक्रारी कमी होतात.

जत तालुक्यातून एक मेंढपाळ म्हातारा आला होता, सत्तरीचा. त्याला विचारलं तर म्हणाला, “लघवीला काय बी अडचण न्हाई, उलट सारखी हुतीया.” सून दाराशी थांबली होती. तो तपासायच्या टेबलावर चढेपर्यंत ती हळूच म्हणाली, “मामंजी महिनाभर रात्री अंथरूण ओलं करतात. आम्ही वयाचं म्हणून गप्प बसलो.” धोतर सैल करून पोटावर हात ठेवला तर बेंबीपर्यंत घट्ट गोळा. तो गोळा म्हणजे भरलेली पिशवी, दुखणंही नाही, कारण ती ताण सहन करून बधिर झालेली. रात्री झोपेत ओसंडून जाईल तेवढीच लघवी बाहेर पडत होती. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती थकलीय ते सांगणारा रक्तातला आकडा, ६.८. नळी घातल्यावर चौदाशे मिलिलिटर निघालं. प्रोस्टेट? ३१ ग्रॅम. पाच आठवडे नळी ठेवून क्रिएटिनिन १.६ पर्यंत उतरलं, मग दुर्बिणीतून ऑपरेशन केलं. घरी सहा महिन्यांपूर्वीची सोनोग्राफी होती, त्यावर ‘प्रोस्टेट किंचित मोठी’ एवढंच वाचून सगळे निश्चिंत होते. शिल्लक लघवीचा आकडा खालच्या ओळीत होता, कुणी तिकडं पाहिलंच नाही.

त्या शिल्लक लघवीच्या आकड्यातही एक मेख आहे. सोनोग्राफीला जाताना लोकांना ‘भरपूर पाणी पिऊन या’ सांगतात. माणूस लिटर-दीड लिटर पितो, बाकड्यावर तासभर मांड्या आवळून बसतो, नंबर येतो तेव्हा डोळ्यांत पाणी आलेलं असतं. अशी फुटायला आलेली पिशवी तरण्या माणसाचीही पूर्ण रिकामी होत नाही. मग रिपोर्टमध्ये ‘शिल्लक १८० मिली’ येतं आणि घरात रडारड. आण्णांचा आकडा मोठा आला असेल तर साध्या, नेहमीच्या लघवीच्या भावनेवर पुन्हा मोजून घ्या. जमलं तर धारेचा वेग मोजणारी यूरोफ्लो तपासणीही करा. सेकंदाला १५ मिलीच्या वर असेल तर वाट बहुधा ठीक, १० च्या खाली असेल तर अडथळा किंवा थकलेली पिशवी.

रात्री दोनदा उठणं हे प्रोस्टेटच्या नावावर लगेच खपवू नका. एक प्लास्टिकचं मापाचं भांडं आणा, तीन दिवस आणि तीन रात्री किती वाजता, किती मिली, एवढंच वहीत लिहा. चोवीस तासांतल्या लघवीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त रात्री होत असेल, तर किडनी रात्री जास्त लघवी बनवतेय. तो दोष ग्रंथीचा नाही. मग पायांवरची सूज, साखर, हृदय, घोरणं, बीपीच्या गोळ्या बघाव्या लागतात. आपल्याकडचं आणखी एक कारण पुस्तकात सापडणार नाही. शेतीची लाइट रात्रीची. दहाला मोटर चालू करायला उठायचं, बागेवरच्या खोलीत दोन कप चहा, परत तीनला जाऊन व्हॉल्व्ह फिरवायचा. असा माणूस रात्री तीनदा लघवीला जाणारच. एकाला मी गोळी न देता फक्त रात्रीचा चहा बंद केला होता, तो आजही मला सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला भेटला की नमस्कार घालतो.

कॅन्सरबद्दल. ही वाढ बिघडून तिचा कॅन्सर होत नाही. वाढ होते आतल्या भागात, तर सुमारे ७० टक्के कॅन्सर बाहेरच्या सालीत उगवतात. एकाच घरात दोन बिऱ्हाडं, एकमेकांशी बोलणं नाही. पण एकाच वयात दोन्ही असू शकतात, म्हणून गुदद्वारातून बोटानं तपासणी आणि रक्तातला पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या प्रथिनाचा आकडा, हे डॉक्टरांशी बोलून करून घ्यावं. बोटाची तपासणी अर्ध्या मिनिटाची असते आणि मोठमोठ्या मिशा तिथं घाबरतात. पीएसए ४ च्या वर गेला म्हणजे कॅन्सर, असंही नाही. मोठ्या ग्रंथीत तो जास्तच असतो, लघवीत जंतुसंसर्ग झाला किंवा नळी घातली की उडी मारतो. अशा वेळी सहा आठवडे थांबून पुन्हा करायचा. आणि आधी ऑपरेशन झालंय म्हणून पुढं कॅन्सर होणार नाही, हा समज सोडा. ऑपरेशनमध्ये आपण दाणे काढतो, साल आतच असते.

गोळ्या दोन जातीच्या. टॅम्सुलोसिन, सिलोडोसिन, अल्फुझोसिन या स्नायू सैल करतात. आठवड्याभरात धार सुधारते, पण ग्रंथी एक ग्रॅमनंही कमी होत नाही. रात्री जेवणानंतर घ्यायला सांगतो, कारण काहींना उठताना चक्कर येते. आण्णांना बहुधा हीच दिली असावी. दुसरी जात फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड, वर सांगितलेलं विकर अडवणारी. यानं ग्रंथी सहा महिने ते वर्षभरात २० ते २५ टक्के आक्रसते, म्हणून ती तीस-चाळीस ग्रॅमच्या पुढच्यांनाच कामाची. महिन्यात गुण नाही म्हणून सोडणारे पुष्कळ, त्यांनी ती घेतलीच नाही असं समजायचं. काहींची शरीरसंबंधाची इच्छा कमी होते, हे आधी सांगायला हवं, पण कुणी सांगत नाही. या गोळीनं पीएसए निम्मा होतो, त्यामुळं सहा महिन्यांनंतरचा आकडा दुप्पट करून वाचायचा, २.५ आला तर तो ५ आहे. घरात कुणी गरोदर असेल तर तिनं या गोळ्या, विशेषतः फुटलेली कॅप्सूल, हाताळू नये.

न काढता थांबलो तर काय होईल, याचं बरं उत्तर २००३ मधल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात आहे, तीन हजारांवर पुरुष, चार वर्षांहून जास्त काळ. ज्यांना नुसती नकली, म्हणजे औषध नसलेली, गोळी दिली होती त्यांच्यापैकी सुमारे १७ टक्क्यांचाच त्रास ठरवलेल्या रेषेपलीकडं गेला. दोन्ही जातींची औषधं एकत्र घेणाऱ्यांत हेच प्रमाण ५ टक्के. म्हणजे गोळी न घेताही दहातले आठ जण चार वर्षांत होते तिथंच राहिले. जाहिरातीतल्या ‘प्रोस्टेट विरघळवणाऱ्या’ चूर्णांना जे यश मिळतं ते यांच्याच खात्यातून. परदेशात फार खपणाऱ्या सॉ पाल्मेटो या फळाच्या अर्काची चाचणी तिप्पट मात्रेपर्यंत झाली, नकली गोळीपेक्षा सरस काही निघालं नाही.

ऑपरेशन कधी? लघवी तटून नळी घालावी लागली आणि गोळ्या देऊनही नळी काढल्यावर पुन्हा तटली, किडनीवर ताण दिसला, पिशवीत खडे झाले, पुन्हा पुन्हा रक्त किंवा जंतुसंसर्ग आला, किंवा गोळ्या घेऊनही जगणं नकोसं झालं, तर. तुमच्या पत्रात यातलं एकही नाही, म्हणून आत्ता काढू नका. करायची वेळ आलीच तर भीती नको. कमरेत भूल, लघवीच्या वाटेनं दुर्बीण, दोन-तीन दिवस नळी. त्यानंतर बऱ्याच जणांत वीर्य बाहेर न येता उलटं पिशवीत जातं, हे आधी नवरा-बायको दोघांना सांगतो. पूर्वी पोट उघडून बोटानं गाठ सोलून काढत. फ्रेयर नावाच्या आयरिश सर्जननं ही पद्धत लंडनमध्ये १९०० साली रूढ केली, आणि तो त्याआधी वीसेक वर्षं आपल्याकडं इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होता. आता लेझरनं मोठी ग्रंथी काढताना आम्ही तीच सोलण्याची वाट धरतो, फक्त पोट न फाडता.

तोवर आण्णांना दोन गोष्टी बजावून ठेवा. सर्दीची गोळी दुकानातून स्वतःच्या मनानं आणायची नाही. त्यातली नाक मोकळं करणारी आणि झोप आणणारी द्रव्यं पिशवीचं तोंड आवळतात, पिशवीचा जोर काढून घेतात. थंडीत, पुण्याहून एसटीनं, मध्ये न उतरता आलेला आणि सकाळीच सर्दीची गोळी खाल्लेला माणूस रात्री अकराला ओरडत दवाखान्यात येतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता पहिला प्रश्न तोच विचारतो. दुसरं, मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर टॅम्सुलोसिन चालू आहे, किंवा पूर्वी कधी घेतली होती, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगायचं. त्या गोळीनं डोळ्याच्या बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा लुळा पडतो. माहीत असलं की ते तयारीनं बसतात.

तीन दिवसांची वही, क्रिएटिनिन, लघवीची तपासणी आणि पीएसए घेऊन त्याच डॉक्टरांकडं जा, ते बरोबर वाटेवर आहेत. फक्त आत जाताना तुम्ही पाच मिनिटं बाहेर बाकड्यावर थांबा. “अंथरूण कधी ओलं होतं का” याला मुलासमोर आण्णा नाहीच म्हणतील.